आवळीभोजन आणि येळवस : आजीच्या पुढाकाराचे वनभोजन

पावसाळा सरल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या बाईने लेकी, सुना आणि नातवंडे बरोबर घेऊन गावाबाहेर झाडाखाली किंवा शेतात जेवायला जाण्याची रीत महाराष्ट्रात जुनी असून तिची दोन रूपे विशेष ठळक आहेत. एक कार्तिकातले आवळीभोजन. दुसरे लातूर, धाराशिव आणि सोलापूर या पट्ट्यात मार्गशीर्ष अमावास्येला होणारी वेळ अमावास्या, म्हणजे तिथल्या बोलीतली येळवस. दोन्हींना धर्मविधीचे अधिष्ठान आहे. परंतु या विधींनी उंबऱ्याआड राहणाऱ्या बायकांना वर्षातून एकदा तरी उघड्या आभाळाखाली आणले, ही गोष्ट विधीच्या पुण्याइतकीच मोलाची मानली पाहिजे.

आवळीला संस्कृतात धात्री म्हणतात आणि पुराणांतील कार्तिकमाहात्म्यात तिची उत्पत्ती वृंदेच्या कथेशी जोडलेली आहे : वृंदेने अग्निप्रवेश केल्यावर शोकमग्न झालेल्या विष्णूसाठी देवींनी दिलेली बीजे तिथे पेरली गेली आणि त्यांतून धात्री, मालती व तुळस उगवल्या, असे ती कथा सांगते. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९०च्या सुमारास रचलेल्या ‘धर्मसिंधू’ या धर्मनिर्णयाच्या ग्रंथात कार्तिकातील कृत्यांमध्ये धात्रीच्या मुळाशी करायच्या देवपूजेचा विधी येतो. कार्तिक शुद्ध नवमीला कूष्मांडनवमी म्हणतात, कारण त्या दिवशी कोहळ्याच्या पोटात सोने किंवा नाणे लपवून ते दान देण्याची, म्हणजे गुप्तदानाची, चाल होती. याच सुमारास आवळीची पूजा करून, तिच्या बुंध्याला सूत गुंडाळून, तिच्या सावलीत जेवायचे असते. ग्रंथांनी विधी नोंदवला, पण चूल कुणी पेटवली, मुले कुणी सांभाळली आणि पंगत कुणी वाढली, याची दखल घेतली नाही. ही उणीव मोठी आहे, कारण आवळीभोजनाचा खरा इतिहास या कामांमध्येच आहे.

काळाची निवड शेतकरी आणि स्वयंपाकीण या दोघांच्याही सोयीची होती. कार्तिकात खरिपाची कामे बरीच उरकलेली असतात, चिखलाच्या वाटा वाळून बैलगाडीला चालण्याजोग्या होतात, ओढ्याला पाणी असते पण पूर नसतो, आणि आवळा धरू लागतो. तुळशीच्या लग्नात आवळा, चिंच आणि ऊस मांडल्याखेरीज ती फळे खायची नाहीत, हा अनेक घरांतील नियम कोवळे फळ ओरबाडू पाहणाऱ्या मुलांना आवर घालणाराही होता.

शिजवलेले अन्न, विशेषतः भात, घरून नेणे सोवळ्याच्या म्हणजे विधिशुद्धतेच्या नियमात बसत नसल्याने कर्मठ ब्राह्मणी घरांत शिधा कच्चाच बांधून न्यायचा आणि तीन दगडांची चूल मांडून जागेवर रांधायचे, असा प्रघात होता. वाटेत मुलांना भूक लागली तर दशम्या, म्हणजे पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेल्या पोळ्या किंवा भाकऱ्या, चालत, कारण दुधात भिजवलेल्या पदार्थाला प्रवासात विटाळ लागतो असे मानीत नसत. काटक्या गोळा करणे, विहिरीचे पाणी आणणे, पत्रावळी मांडणे ही कामे नातवंडांकडे येत आणि कोणते लाकूड धुरकट जळते, कोणते झाड कोणते, हे त्यांना शाळेबाहेर कळे.

या सगळ्याचे सूत्र आजीकडे असण्याला कुटुंबरचनेतच कारण होते. एकत्र कुटुंबातल्या तरुण सुनेला माहेरी जायचे तरी परवानगी लागे. मात्र सासूनेच आवळीखाली जायचे ठरवले की परवानगीचा प्रश्नच मिटे. त्यातही विधवा आजीचे स्थान लक्षात घेण्याजोगे आहे. हळदीकुंकवासारख्या सौभाग्याच्या समारंभांतून जिला क्रूरपणे वगळले जाई, तिला कार्तिकस्नान, धात्रीपूजन आणि कथाश्रवण मोकळे होते, आणि म्हणून कार्तिक हा तिचा महिना होता. त्या महिन्यात घरातल्या लहानथोरांना घेऊन बाहेर पडण्याचा तिचा अधिकार कुणी नाकारीत नसे.

शहरे वाढली तशी आवळी दूर गेली. भायखळ्याची राणीची बाग १८६२मध्ये खुली झाली आणि गिरगावातल्या चाळकरी कुटुंबांना पायी किंवा नंतरच्या काळात ट्रॅमने पोहोचण्याजोगी सावली मिळाली. लोहमार्गाने घाटाची गावे आवाक्यात आली. पुढे प्राथमिक शाळांनी वनभोजन वार्षिक कार्यक्रमांत घेतले. त्यामुळे रीत टिकली, पण तिची सूत्रे आजीकडून गुरुजींकडे गेली.

येळवस मात्र अजून घराचीच आहे. हा शेतकऱ्यांचा सण असून रब्बीची ज्वारी, हरभरा आणि करडई शेतात उभी असताना तो येतो. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप, म्हणजे लहानशी खोप, रचतात, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, आणि पूजेनंतर शेतात अंबील शिंपडतात. अंबील हे ज्वारीचे पीठ व ताक यांचे आंबवलेले पेय असून ते मातीच्या मडक्यात आदल्या दिवशी करून ठेवतात. भज्जी ही या दिवसाची खास भाजी : ओले हरभरे, तुरीचे दाणे, वाल आणि पालेभाज्या चिंचेच्या कोळात बेसन लावून शिजवायच्या. तिच्यासोबत बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर असते. कोणती भाजी किती घालायची आणि पीठ कधी लावायचे, हे घरातली म्हातारीच सांगते, कारण भज्जीचे प्रमाण लिहून ठेवलेले नसते.

नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली मुले या दिवशी गावी परततात आणि लातूर शहरातले रस्ते ओस पडतात. वाटण्यांमुळे तुकडे पडलेल्या शिवारात आपला बांध कुठे संपतो, विहीर कोणत्या भावाच्या वाट्याला गेली, पूर्वी चिंचेचे झाड कुठे होते, हे आजी नातवंडांना कोपाशी बसून दाखवते. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर पुरती न मिळणारी ही माहिती येळवशीच्या पंगतीतूनच पुढच्या पिढीकडे जाते. ज्याला शेत नाही तो त्या दिवशी उपाशी राहत नाही, कारण शेजारी, सोयरे, सालगड्याचे कुटुंब आणि शहरातले ओळखीचे लोक यांना आवर्जून बोलावणे असते. बैलगाड्यांच्या जागी आता टेम्पो आणि मोटारी बांधापर्यंत येतात. तरी भज्जीचे पातेले आदल्या रात्री घरातच चढते आणि चुलीपाशी लेकी-सुनांना सूचना देत बसलेली म्हातारी पहाटेपर्यंत जागी असते.