आबे फारिया : निद्रा कोणाच्या हाती?

पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाशेजारी, ब्राँझचा एक पुतळा आहे. पायघोळ झगा घातलेला धर्मगुरू हात पसरून उभा आहे आणि त्याच्यापुढे एक स्त्री निद्रावश होऊन कलंडते आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांची ही कृती १९४५ साली उभारली गेली. पाहणाऱ्याला वाटते, त्या हातांतून काहीतरी अदृश्य शक्ती वाहत असावी. ज्यांचा हा पुतळा आहे, त्या आबे फारियांनी मात्र नेमके हेच नाकारले होते. संमोहनाच्या इतिहासात त्यांचे स्थान त्या नकारामुळे आहे.

जुझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म १७५६ साली बार्देशातील कांदोळी येथे झाला. १७७१ मध्ये ते वडिलांबरोबर लिस्बनला गेले आणि पुढे रोममध्ये धर्मशास्त्र शिकून धर्मगुरू झाले. त्यांच्याविषयी गोव्यात एक आख्यायिका आहे. पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचन देण्यास ते उभे राहिले आणि भीतीने त्यांची वाचाच बसली. तेव्हा जवळ बसलेले वडील कोकणीत हळूच पुटपुटले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ त्या शब्दांसरशी मुलाची भीती गेली आणि तो अस्खलित बोलू लागला. ही आख्यायिका पुरावा ठरत नाही. पण एका वाक्याने माणसाची अवस्था कशी पालटते, हा प्रश्न फारियांना जन्मभर पुरला, एवढे खरे.

त्या काळी पॅरिसमध्ये फ्रान्झ मेस्मर या वैद्याचा बोलबाला होता. विश्वात एक सूक्ष्म द्रव भरलेला आहे, शरीरातील त्याचा प्रवाह अडला की रोग होतो आणि वैद्याच्या स्पर्शाने तो पुन्हा मोकळा होतो, असा मेस्मरचा सिद्धान्त होता. त्याला ‘प्राणी-चुंबकत्व’ असे नाव होते. १७८४ मध्ये सोळाव्या लुईने याच्या चौकशीसाठी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए तिचे सभासद होते. फ्रँकलिनच्या बागेतील एक झाड ‘चुंबकित’ करण्यात आले आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेण्यात आले. मुलगा बेशुद्ध पडला खरा, पण भलत्याच झाडापाशी! द्रव अस्तित्वात नाही, जे घडते ते कल्पनेने घडते, असा निर्वाळा समितीने दिला.

समितीच्या दृष्टीने विषय तेथे संपला. फारियांचा प्रश्न तेथून सुरू झाला. केवळ कल्पनेने एखादा मुलगा बेशुद्ध पडत असेल, तर ती कल्पना क्षुल्लक कशी म्हणावी?

११ ऑगस्ट १८१३ पासून त्यांनी पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर जाहीर प्रयोग सुरू केले. तेथे चुंबक नव्हते, शरीरावरून हात फिरवण्याचा मोठा सोहळाही नव्हता. समोरच्याला खुर्चीत स्वस्थ बसवायचे, डोळे मिटून निद्रेवर लक्ष एकवटण्यास सांगायचे आणि मग ठाम स्वरात आज्ञा द्यायची : ‘झोपा!’ कित्येकांना तेवढे पुरे होई. काहींना काहीच होत नसे. प्रयोग करणारा तोच, आज्ञाही तीच. मग फरक कोठून येतो? अर्थात झोपणाऱ्याकडून, असे फारियांचे उत्तर होते. निद्रा देणारा केवळ निमित्त असतो; लक्षाची एकाग्रता आणि विश्वास ही झोपणाऱ्याची स्वतःची सामग्री असते.

त्यांचे सर्वच निष्कर्ष टिकले नाहीत. रक्त पातळ असणाऱ्यांना ही निद्रा लवकर लागते, असे ते मानत आणि ते चुकीचे होते. हयातीत त्यांच्या वाट्याला कुचेष्टाच अधिक आली. १८१६ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांची खिल्ली उडवणारे प्रहसनही झाले. २० सप्टेंबर १८१९ रोजी त्यांचे निधन झाले. ‘सजग निद्रे’च्या कारणांची मीमांसा करणारा त्यांचा ग्रंथ त्याच वर्षीचा. पुढे अलेक्झांडर ड्यूमाच्या ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या कादंबरीतील कैदी म्हणून जगाने त्यांचे नाव ऐकले; विचारवंत म्हणून मात्र ते विस्मृतीत गेले.

१८४३ मध्ये जेम्स ब्रेड या शल्यवैद्याने ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रूढ केला. त्यानंतर १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये वाद पेटला. संमोहन हे उन्मादाच्या विकाराचे लक्षण आहे, असे शार्को म्हणत. नान्सी येथील बर्नहाइम म्हणत की ती सूचनेला मिळणारी, निरोगी मनाचीही प्रतिक्रिया आहे. अखेर बर्नहाइम यांचा पक्ष टिकला आणि त्यांनी फारियांचे ऋण मान्य केले.

आजचे विज्ञान काय सांगते? १९८४ मध्ये मँचेस्टरच्या व्होरवेल यांनी दीर्घकाळच्या आतड्यांच्या क्षोभाने त्रस्त अशा ३० रुग्णांवर चाचणी केली. संमोहनोपचार घेतलेल्यांना स्पष्टपणे अधिक आराम पडला. १९९७ मध्ये रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी, गरम पाण्यात हात बुडवलेल्या व्यक्तींना, वेदना कमी-अधिक क्लेशदायक वाटेल अशा सूचना संमोहनावस्थेत दिल्या. वेदनेच्या क्लेशाशी संबंधित मेंदूच्या भागातील हालचाल त्यानुसार बदलली. स्पर्शाची जाणीव नोंदवणाऱ्या भागात तसा बदल दिसला नाही. फ्रँकलिनच्या बागेतील ‘कल्पना’ आता मेंदूच्या चित्रणात दिसू लागली होती.

तरीही मर्यादा विसरता येत नाहीत. संमोहनाने गाठ विरघळत नाही, जंतुसंसर्ग बरा होत नाही. सर्वांवर त्याचा सारखा परिणाम होत नाही. ‘दडलेल्या आठवणी’ उकरण्याच्या नादात खोट्या आठवणी रुजण्याचा धोका असतो. वेदना, चिंता, अशा काही त्रासांत प्रशिक्षित तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, मूळ उपचारांना जोड म्हणून त्याचे स्थान आहे.

‘मी तुम्हाला बरे करतो’ असे म्हणत हात पसरणारे आजही पुष्कळ भेटतात. त्यांना पारखण्याची कसोटी कांदोळीच्या या धर्मगुरूने दोनशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवली आहे. जो सारी शक्ती स्वतःच्या हातात असल्याचे सांगतो, त्याच्यापासून सावध राहावे; जो ती रुग्णाच्याच मनात असल्याचे दाखवून, एकट्याने सराव करण्यास शिकवतो, तो फारियांच्या वाटेवर आहे. पणजीच्या पुतळ्यापुढे उभे राहाल, तेव्हा त्या पसरलेल्या हातांकडे जरा कमी पाहा. खरी घटना त्या स्त्रीच्या मिटलेल्या डोळ्यांमागे घडते आहे.