गायकवृंदाचा धुरीण

गॉस्पेल-संगीताचे जनक म्हणून टॉमस डॉर्सी (१८९९–१९९३) यांचा गौरव होतो. आम्हांस त्यांची थोरवी शिकागोच्या पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमधील गायकवृंदाची धुरा त्यांनी दशकानुदशके वाहिली, यात अधिक दिसते. पूर्वी ते मा रेनी या ब्लूज-गायिकेस पियानोची साथ करीत. १९३२ साली पत्नी प्रसूतीत गेली, अर्भकही दगावले. त्या शोकातून जन्मलेले त्यांचे गीत १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीत महेलिया जॅक्सन यांनी गायिले. ब्लूजची लय प्रार्थनामंदिरात आणली म्हणून प्रतिष्ठितांनी नाके मुरडली. परंतु दक्षिणेतून पोटासाठी उत्तरेस आलेल्या कृष्णवर्णीयांना तीत आपला गाव गवसला. परमुलखात भजनी मंडळ जमविणाऱ्या आम्हां नोकरदारांस याचे मोल निराळे सांगावयास नको.