जॅग्वार एक्सकेएसएस : शर्यतीतून रस्त्यावर आलेली मोटार

जॅग्वार एक्सकेएसएस ही शर्यतीच्या मोटारीला थोडेफार माणसाळवून रस्त्यासाठी तयार केलेली गाडी. इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री येथील ब्राउन्स लेन कारखान्यातून १९५७ साली अशा अवघ्या १६ गाड्या बाहेर पडल्या. तिचे सारे गुण, आणि अवगुणही, डी-टाइप या शर्यतीच्या मोटारीकडून आलेले आहेत.

फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने १९५१ आणि १९५३ साली सी-टाइप मोटारीने जिंकली होती. १९५३ च्या विजयात नव्या डिस्क ब्रेकचा वाटा मोठा होता. प्रतिस्पर्धी वळणाच्या बरेच आधी वेग कमी करत, तेव्हा जॅग्वारचे चालक आणखी पुढे जाऊन ब्रेक दाबू शकत. १९५४ साली डी-टाइप आली. तिचा आकार माल्कम सेयर यांचा. ब्रिस्टल एरोप्लेन कंपनीत विमानांवर काम केलेल्या सेयर यांनी बाह्यरेषा गणिताने आखल्या, आणि त्या आजही नजर खिळवून ठेवतात. मधला भाग पत्र्याच्या कवचासारखा होता. त्याला वेगळ्या चौकटीची गरज नव्हती, कवचच भार पेलत असे. पुढे नळ्यांच्या सांगाड्यावर ३,४४२ घन सेंटिमीटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन बसवलेले होते. बॉनेट खाली राहावे म्हणून ते किंचित कलते ठेवले होते. पेट्रोल विमानातल्याप्रमाणे लवचीक पिशव्यांत भरले जाई. चालकाच्या डोक्यामागचा उभा पंख ताशी २७५ किलोमीटरच्या पुढे गेलेली गाडी सरळ ठेवण्यास मदत करी.

१९५४ साली डी-टाइप फेरारीच्या मागे थोडक्यात दुसरी आली. १९५५ चा विजय मात्र कोणालाच साजरा करता आला नाही. त्या वर्षी एक मर्सिडीज प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मर्सिडीजने रात्री आपल्या गाड्या काढून घेतल्या, जॅग्वारने शर्यत चालू ठेवली आणि माइक हॉथॉर्न व आयव्हर ब्यूब पहिले आले. १९५६ मध्ये स्कॉटलंडच्या एकुरी एकॉस या खासगी संघाने डी-टाइपवर ल मान्स जिंकली. त्या हंगामानंतर कंपनीने स्वतः शर्यतींतून माघार घेतली. तरी १९५७ साली याच संघाने पहिले दोन क्रमांक पटकावले आणि पहिल्या सहांत पाच डी-टाइप होत्या.

विक्रीचे चित्र मात्र वेगळे होते. ग्राहकांसाठी बांधलेल्या डी-टाइपपैकी २५ गाड्या कारखान्यात विकल्याविना पडून होत्या. त्या रस्त्यावर चालवण्याजोग्या करून मुख्यतः अमेरिकेत विकाव्यात, असे ठरले. पन्नास गाड्या झाल्या असत्या तर तिथल्या उत्पादन-मोटारींच्या शर्यतीतही त्यांना प्रवेश मिळाला असता. पंख काढला गेला, दोन आसनांमधला पडदा गेला, प्रवाशासाठी दार आले. काच, कापडी छत, बारीक बंपर आणि शेपटीवर सामान बांधण्यासाठी कॅरिअर बसले. यांत्रिक भागांना फारसा हात लागलाच नाही. त्यामुळे चालकाला इंजिनाची धग आणि आवाज सोसावा लागे, आणि मागचा अखंड आस खराब रस्त्यावर त्रास देई. याच कच्चेपणात तिची खरी मोहिनी आहे. ल मान्स जिंकणारे यंत्र नंबरप्लेट लावून बाजारात नेता येणे, हे त्यानंतर क्वचितच कोणाच्या वाट्याला आले.

१२ फेब्रुवारी १९५७ च्या रात्री ब्राउन्स लेनला भीषण आग लागली. शेकडो मोटारींचे नुकसान झाले आणि राखून ठेवलेल्या २५ गाड्यांपैकी नऊ जळून गेल्या. उरलेल्या १६ वरच उत्पादन थांबले. पन्नासचा पल्ला स्वप्नच राहिला. पुढे कारखान्याने आणखी दोन डी-टाइप याच रूपात बदलून दिल्या. अभिनेते स्टीव्ह मॅक्वीन यांनी घेतलेली हिरवी गाडी साऱ्या एक्सकेएसएसमध्ये सर्वांत प्रसिद्ध. त्यांनी ती एकदा विकली, नंतर परत घेतली आणि १९८० मध्ये निधन होईपर्यंत सोडली नाही. ती आता लॉस एंजेलिसच्या पीटरसन संग्रहालयात आहे. सेयर यांची रेषा मात्र इथेच संपली नाही. १९६१ च्या ई-टाइपमध्ये तीच घडण आणि तोच डौल हजारो ग्राहकांपर्यंत पोहोचला.

२००८ साली मुंबईच्या टाटा मोटर्सने जॅग्वार विकत घेतली. तिच्या मालकीखालीच कंपनीने २०१६ मध्ये जळालेल्या नऊ गाड्यांच्या जागी तितक्याच नव्या एक्सकेएसएस मूळ पद्धतीने बांधण्याची घोषणा केली. शिल्लक असलेल्या गाड्यांची मापे त्रिमितीय पद्धतीने घेऊन हाताने पत्रा ठोकून त्या घडवल्या गेल्या. प्रत्येकीची किंमत दहा लाख पौंडांहून अधिक होती. कारागिरी म्हणून हे काम उत्तम आहे. तरीही १९५७ साली कारखान्यातून बाहेर पडलेल्या १६ गाड्यांची गणना वेगळीच करावी लागते.