बेण्णे चावडी

श्रवणबेळगोळच्या यात्रेला बेळगावहून निघालं, की चित्रदुर्गाच्या आसपास उघडं माळरान दिसू लागतं. कितीतरी वेळा त्या रस्त्याने गेले, पण तिथले कित्येक माळ एकाच गोवंशासाठी राखलेले होते, हे फार उशिरा वाचनात आलं. तो वंश म्हणजे अमृतमहाल. करडा रंग, मागे वळलेली लांब टोकदार शिंगं आणि चालायला भलताच काटक.

सतराव्या शतकात म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयारांनी या कळपांचं खातं नीट बसवलं आणि त्याला नाव दिलं 'बेण्णे चावडी'. बेण्णे म्हणजे लोणी, हे आम्हा सीमाभागातल्या बायकांना सांगावं लागत नाही. राजवाड्याला दूध-लोणी पुरवणारं हे खातं. पुढे हैदरअलीने त्यातले बैल लष्कराला जुंपले. त्यांच्या जोरावर त्याचं सैन्य अडीच दिवसांत १०० मैल गेलं, असं इतिहासात नोंदलंय. टिपूने खात्याला 'अमृतमहाल' म्हटलं. नाव अमृताचं आणि काम तोफा ओढायचं! १७९९ मध्ये टिपू पडला. १८०३ साली वेलस्ली मराठ्यांवर चालून आला, तेव्हा त्याच्या तोफांनाही म्हैसूरचेच बैल होते.

१८६० मध्ये इंग्रजांनी खर्च वाचवायला हे कळप विकून टाकले. चूक लवकरच कळली आणि १८६६ मध्ये जनावरं पुन्हा गोळा करावी लागली. तेव्हा ते जमलं, कारण माळ शाबूत होते. या माळांना तिकडे 'कावल' म्हणतात. उन्हाळ्याचे वेगळे, पावसाळ्याचे वेगळे, थंडीचे वेगळे. एकीकडे कळप चरायचे, तोवर दुसरीकडे गवत वाढायचं. बेगमीचा एक डबा संपेपर्यंत आपण दुसरा उघडत नाही, तसंच.

एके काळी ४ लाख एकरांच्या घरात असलेले कावल शेती, वस्त्या आणि संस्थांपायी आक्रसत गेले. अज्जमपुरच्या सरकारी केंद्रात हा वंश जपतात, पण बाहेर तो विरळाच. गाई दूध बेताचंच देतात, आणि बैलांचं काम ट्रॅक्टरने घेतलं.

तिथीला आपण पांजरपोळात चारा देतो. मीही देते, पुढेही देईन. पण गवताचा माळ नांगरला जातो, तेव्हा कुणाला हिंसा झाल्यासारखं वाटत नाही. मलाही आजवर वाटलं नव्हतं.