मुदतीचा शिक्का

नोटरीचा शिक्का साधा, गोल असतो आणि त्याचा व्यास ५ सेंटिमीटर असावा असे नियमातच लिहिलेले आहे. त्यावर नोटरीचे नाव, त्याचे क्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि त्याला नेमणारे सरकार एवढा मजकूर कोरलेला असतो. कोर्टाच्या आवारात किंवा तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून बसलेल्या नोटरीकडे आपण कधी ना कधी जातोच. कॉलेजात वर्ष वाया गेल्याचे गॅप ॲफिडेव्हिट, हरवलेली गुणपत्रिका, नावातली चूक, परगावी असलेल्या भावाला द्यायचे मुखत्यारपत्र, काही ना काही काम निघतेच. ‘नोटरी करून आणा’ असे खिडकीतून सांगितले जाते, आपण करून आणतो आणि विसरून जातो.

पण त्या शिक्क्यात ताकद मोठी आहे. नोटरीसमोर केलेले आणि त्याने प्रमाणित केलेले मुखत्यारपत्र रीतसर झाले आहे असे न्यायालय गृहीत धरते. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ८५ मध्ये हे गृहीतक होते आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. म्हणजे कागद खोटा आहे असे म्हणणाऱ्यावरच तो खोटा ठरवण्याची जबाबदारी येते. एका माणसाच्या सहीने न्यायालयातला तराजू असा झुकत असेल, तर ती सही करण्याचा हक्क त्याला कोणी दिला आणि कुठवर दिला, हे विचारायलाच हवे. नोटरीच्या नेमणुकीची कुळकथा या दोन प्रश्नांभोवती फिरते.

रोमन साम्राज्यात लोकांचे दस्त लिहून देणाऱ्या लेखकाला ताबेलिओ म्हणत. बाजारात त्याची ठरलेली बैठक असे आणि करारपत्रे, खरेदीखते, मृत्युपत्रे तो तिथे लिहून देई. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने या लेखकांसाठी खास फर्मान काढले. दस्ताच्या वेळी ताबेलिओने स्वतः हजर असले पाहिजे, पक्षकार काय म्हणतात ते स्वतः ऐकले पाहिजे आणि काम मदतनिसावर सोपवून मोकळे होता कामा नये, असे त्यात बजावले होते. कसूर करणाऱ्याची बैठक जाई आणि ज्या मदतनिसावर त्याने काम ढकलले त्यालाच ती मिळे. शिक्का मारणाऱ्याने माणूस समोर पाहिला पाहिजे, हा या पेशाचा पहिला धर्म इतका जुना आहे. आजही नोटरीविरुद्धच्या तक्रारींत ‘सही करणारा समोर नव्हताच’ हाच आरोप सर्वांत गंभीर मानला जातो.

तेराव्या शतकात इटलीतल्या बोलोन्या शहरात या कामाचे शास्त्र झाले. रोलांदिनो दे पासाज्जेरी या नोटरीने दस्तलेखनावर लिहिलेला ग्रंथ पुढे कित्येक शतके युरोपभर पाठ्यपुस्तक म्हणून वापरला गेला. तोपर्यंत नेमणुकीचा हक्कही ठरून गेला होता. नोटरी नेमायचा तो पोपने किंवा सम्राटाने, किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या माणसाने. एकदा नेमला की तो सहसा हयातभर नोटरी राहत असे.

इंग्लंडमध्ये ही नेमणूक पोपच्या हातून सुटली ती १५३३ मध्ये. आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडले, तेव्हा हा अधिकार कँटरबरीच्या आर्चबिशपकडे आला. त्याच्या वतीने ‘मास्टर ऑफ द फॅकल्टीज’ नावाचा अधिकारी नोटरी नेमू लागला आणि इंग्लंडमध्ये आजही तोच नेमतो. १८०१ च्या कायद्याने नोटरी होऊ इच्छिणाऱ्याला सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. मुंबईतही एके काळी या इंग्रज धर्मपीठाच्या अधिकारपत्रावर नोटरी काम करत. गिरगावातला किंवा फोर्टातला व्यापारी ज्याच्याकडे कागद घेऊन जाई, त्याच्या सहीमागे कँटरबरीचा आर्चबिशप उभा असे.

त्या काळी मुंबई-कोलकात्याच्या नोटरीचे मुख्य काम होते व्यापारी हुंड्यांचे. परदेशावर काढलेली हुंडी स्वीकारायला किंवा तिचे पैसे द्यायला समोरच्याने नकार दिला, की धारक ती नोटरीकडे नेई. नोटरी हुंडी पुन्हा सादर करी, नकार कोणत्या तारखेला आणि कोणत्या कारणाने मिळाला ते तिच्यावर टिपून ठेवी आणि मग ‘प्रोटेस्ट’ नावाचा औपचारिक दाखला देई. लंडनच्या सावकाराने मुंबईचा तो व्यापारी कधी पाहिलेला नसे, पण नोटरीचा दाखला त्याला पुरे. १८८१ च्या परक्राम्य लेख अधिनियमाने, म्हणजे आजही चेक न वटल्याच्या खटल्यांत ज्याचे नाव घेतले जाते त्या कायद्याने, नोटरी नेमण्याचा अधिकार हिंदुस्थान सरकारलाही दिला. त्यामुळे एकाच शहरात दोन घराण्यांचे नोटरी झाले, सरकारचे आणि आर्चबिशपचे.

महाराष्ट्राच्या गावगाड्यात नोटरी नव्हता, पण कागदाला खरेपणा देण्याची पक्की रीत होती. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर, म्हणजे साक्षींसह लिहिलेला निवाडपत्राचा कागद, होई. त्याच्या शेवटी पाटलाचा नांगर, अलुत्या-बलुत्यांच्या आपापल्या हत्यारांच्या निशाण्या आणि साक्षीदारांची नावे येत. लिहिणारा असे कुलकर्णी. गावचे दप्तर त्याच्या घरी असायचे आणि बापामागून मुलाकडे जायचे. लिहिण्याचा हक्क हेच त्याचे वतन होते.

मराठेशाहीतल्या वतनाच्या आणि इनामाच्या सनदांच्या शेवटी एक हुकूम पुन्हा पुन्हा आढळतो. अंमलदाराने दर वर्षी नवे पत्र मागू नये, या पत्राची नक्कल करून घ्यावी आणि मूळ पत्र भोगवट्यासाठी धन्याला परत करावे, असा त्याचा आशय. एकदा दिलेला हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालायचा, तो कोणी पुन्हा तपासायचा नाही, ही त्यामागची धारणा. वतनदाराला त्यातून स्थैर्य मिळाले, हे खरेच. पण ज्याच्या घरात दप्तर त्याच्याच हाती गावाच्या आठवणी, अशी त्याची दुसरी बाजू होती. कुळाने भरलेला वसूल जमा झाला की नाही, हे सांगणारा कागद लिहिणाराही तोच आणि सांभाळणाराही तोच. त्याच्या हक्काला मुदत नव्हती, म्हणून त्याची फेरतपासणी व्हायला निमित्तच उरत नव्हते.

स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबई राज्याने परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द करण्याचा कायदा केला. ते साल होते १९५०. दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, संसदेने नोटरी अधिनियम मंजूर केला. एका कायद्याने लिहिणाऱ्याचा वंशपरंपरागत हक्क संपवला आणि दुसऱ्याने दस्ताला साक्ष राहणाऱ्याचा हक्क मुदतीत बांधला. दोन्ही कायदे वेगवेगळ्या सभागृहांतले आणि वेगवेगळ्या कारणांचे, पण लोकांच्या कागदावरचा अधिकार कोणाची मिरासदारी असू नये, ही दिशा दोन्हींत एकच दिसते.

१९५२ चा अधिनियम १४ फेब्रुवारी १९५६ पासून लागू झाला आणि त्याच वर्षी नियमही आले. जुन्या नोटरींना दोन वर्षांची सवलत मिळाली. १८८१ च्या कायद्याखाली नेमलेल्यांना आणि इंग्लंडच्या मास्टर ऑफ द फॅकल्टीजने नेमलेल्यांनाही तेवढ्या काळापुरते नोटरी मानले गेले. स्वतंत्र भारताच्या कायद्यात त्या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव आजही वाचायला मिळते ते याच सवलतीपुरते. त्यानंतर नेमणूक करणार ती फक्त केंद्र सरकार किंवा राज्य सरकार. केंद्राचा नोटरी देशभरासाठी किंवा त्याच्या एखाद्या भागासाठी, राज्याचा नोटरी राज्यासाठी किंवा राज्यातल्या एखाद्या भागासाठी. व्यवसायाचे प्रमाणपत्र मात्र तीनच वर्षांचे. १९९९ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षे झाली. मुदत संपली आणि प्रमाणपत्राचे नूतनीकरण झालेले नसेल, तर अधिकृत शिक्क्याने काम करण्याला कायद्याची साफ मनाई आहे.

नोटरी व्हायचे तर वकिलीत दहा वर्षे झालेली असावी लागतात. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीय उमेदवारांसाठी ही अट सात वर्षांची आहे. कायदेविषयक सरकारी सेवेतून आलेल्यांसाठीही वाट ठेवलेली आहे. कोणत्या राज्यात जास्तीत जास्त किती नोटरी असावेत, तो आकडा नियमांच्या परिशिष्टात दिलेला असतो. या सगळ्यांत अर्जावरच्या सह्या मला सर्वांत बोलक्या वाटतात. नियमांनी ठरवून दिलेल्या नमुन्यातल्या अर्जावर उमेदवाराखेरीज एका दंडाधिकाऱ्याची, राष्ट्रीयीकृत बँकेच्या एका व्यवस्थापकाची, एका व्यापाऱ्याची आणि त्या भागातल्या दोन प्रतिष्ठित रहिवाशांची प्रतिस्वाक्षरी सांगितलेली आहे. बँक आणि व्यापारी इथे कशाला, असा प्रश्न पडतो. हुंडीच्या काळातल्या नोटरीची आठवण ठेवली की त्यांची जागा उमजते. दोन रहिवासी वाचताना तर महजराखालच्या निशाण्याच डोळ्यांपुढे येतात. या माणसाला आम्ही ओळखतो, त्याच्या शब्दावर विसंबायला हरकत नाही, असे न्यायव्यवस्थेने, बाजाराने आणि वस्तीने मिळून सांगायचे आणि मगच सरकारने शिक्का द्यायचा.

पाच वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधी करावा लागतो. बहुतेक नोटरींच्या लेखी हे काम म्हणजे शुल्क, जुन्या प्रमाणपत्राची प्रत आणि वाट पाहणे. खरे तर तपासायला साधन मोठे आहे. प्रत्येक नोटरीला ठरलेल्या नमुन्याचे रजिस्टर ठेवावे लागते. त्यात अनुक्रमांक, तारीख, दस्ताचा प्रकार, करून देणाऱ्याचे नाव-पत्ता, लावलेले नोटरी तिकीट, घेतलेले शुल्क असे रकाने असतात आणि पक्षकाराची सहीही घेतली जाते. आपण ज्या पानावर घाईघाईने सही करतो, ते हेच. जिल्हा न्यायाधीशांना किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला हे रजिस्टर वर्षातून दोनदापर्यंत तपासता येते आणि गैरप्रकार दिसला तर सरकारला कळवता येते. शिवाय वर्षभराच्या कामाचे विवरण नोटरीने दर जानेवारीत सरकारकडे पाठवायचे असते. त्याच महिन्यात सरकारने आपल्या नोटरींची यादी राजपत्रात छापायची असते. शुल्काचे दर कचेरीच्या आत आणि बाहेर ठळक लावायचे असतात.

गोव्यात याच पेशाचे दुसरे घराणे नांदते. पोर्तुगालचा १८६७ चा नागरी कायदा १८७० पासून गोव्यातही लागू झाला आणि त्याच्याबरोबर युरोपातल्या जुन्या नोटरी-परंपरेचे रोप तिथे रुजले. तिथला नोटरी दस्त स्वतःच्या वहीत उतरवतो. मूळ लेख त्या वहीत राहतो आणि पक्षकाराला मिळते ती प्रमाणित प्रत. सार्वजनिक मृत्युपत्र, वारसाचा दस्त, लग्नाआधीचा मालमत्तेचा करार ही सगळी कामे त्याच्यापुढे होतात. १९६१ च्या मुक्तीनंतरही ही रीत टिकली. गोव्याच्या २०१२ च्या उत्तराधिकार कायद्याने ‘विशेष नोटरी’ म्हणून ती चालू ठेवली आणि काम सरकारी निबंधकांकडे राहिले. सावंतवाडीचा माणूस नोटरीकडून दस्त घेऊन घरी जातो, पेडण्याच्या माणसाचा मूळ दस्त मात्र नोटरीच्याच वहीत राहतो. आपल्या बाजूला मूळ कागद हरवला, तर मागे उरते ती रजिस्टरातली एक ओळ. म्हणूनच ती ओळ इमानाने लिहिलेली असणे इकडे जास्त गरजेचे.

अलीकडे या कथेत नवी पाने लागली आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कायदा मंत्रालयाने एक मसुदा लोकांच्या मतांसाठी खुला केला. पहिली पाच वर्षे आणि दोन नूतनीकरणे धरून नोटरीची एकूण कारकीर्द १५ वर्षांवर थांबवावी, म्हणजे तरुण वकिलांना जागा मिळतील, असे त्यात सुचवले होते. केंद्राच्या नोटरींचे अर्ज आणि नूतनीकरण यांसाठी २०२४ मध्ये पोर्टल सुरू झाले. नोटरी लग्न लावू शकत नाही की घटस्फोट देऊ शकत नाही, हेही त्याच वर्षी मंत्रालयाला पुन्हा बजावावे लागले.

कारकीर्द १५ वर्षांवर थांबवावी का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. माझे म्हणणे त्याहून साधे आहे. वर्षे मोजण्याआधी रजिस्टर उघडावे. नूतनीकरणाच्या अर्जासोबत मागच्या पाच वर्षांची वार्षिक विवरणे आली की नाहीत, तपासणी झाली का, त्यात काय आढळले, हे पाहूनच नवे प्रमाणपत्र द्यावे. अर्ज सहा महिने आधी घ्यायचा नियम आहे, तो वेळ याच कामाला लागावा. आपणही करण्यासारखे आहे. शिक्क्यावरचा नोंदणी क्रमांक वाचावा, मुदतीची तारीख विचारावी आणि रजिस्टरात सही न घेता कागद हातात मिळाला तर तो परत द्यावा.

पोपने, सम्राटाने आणि आर्चबिशपने हा विश्वास हयातभरासाठी दिला, वतनाने तो वंशाला दिला. लोकशाहीने तो पाच वर्षांसाठी दिला, यात मला तिचे शहाणपण दिसते. प्रामाणिक नोटरीला या तपासणीचे भय वाटायचे कारण नाही, कारण दर पाच वर्षांनी त्याच्या सचोटीवर नव्याने मोहोर उमटते. मात्र ती तपासणी खरोखर झाली पाहिजे. ती झाली नाही, तर वतन कायद्याने गेले तरी व्यवहारात ते नोटरीच्या टेबलावर पुन्हा येऊन बसेल.