कुष्ठाचें जन्मस्थान : वनस्पतिसंग्रहांतील पुरावा

पोथीचा काल व स्थल ठरवितांना आपण प्रथम पुष्पिका पाहतों. वाळवून कागदावर चिकटविलेल्या वनस्पतीची पुष्पिका म्हणजे तिच्याखालची चिठ्ठी. ती कोणीं, कोठें व केव्हां गोळा केली, हें तींत लिहिलेलें असतें. या चिठ्ठीचें मोल कुष्ठ या औषधीच्या इतिहासावरून चांगलें ध्यानांत येतें.

कुष्ठ म्हणजे आपल्याकडील काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारें कोष्ठ अथवा उपलेट. ही वनस्पति उंटकटाऱ्याच्या गणांतली. इंग्रजींत ज्यांस थिसल म्हणतात तींही याच गणांतलीं. अथर्ववेदाच्या पांचव्या, सहाव्या व एकोणिसाव्या कांडांत कुष्ठाचीं सूक्तें आहेत. ही हिमवंतावर उपजते व तेथून पूर्वेकडील जनांकडे नेली जाते, असें पांचव्या कांडांत सांगितलें आहे.

पुढें मूळ दूरदेशीं गेलें आणि त्याचें स्थान विसरलें गेलें. गार्सिया द ओर्ता यानें इ. स. १५६३ त गोव्यांत छापलेल्या ग्रंथांत उपलोट हें गुजराथी व पुचो हें मलायी नांव नोंदविलें. पण उत्पत्तिस्थान मात्र मांडू-चितोडकडील मुलूख असें दिलें. व्यापाराच्या वाटेवरचा प्रदेश त्यास उगमाचा वाटला असावा. लिनियसनें तर १७५३ त 'कोस्टस अरेबिकस' हें नांव आल्याशीं नातें असलेल्या एका अमेरिकन वनस्पतीस दिलें!

हा घोळ मिटविला तो वाळल्या झाडांनीं. फ्रेंच प्रवासी व्हिक्तोर जाकमाँ १८३१ त काश्मिरांत होता. पुढील वर्षीं तो मुंबईस वारला. त्यानें आणलेल्या नमुन्यांवरून दकेन या वनस्पतिज्ञानें हिचें वर्णन केलें. सहारनपूरच्या बागेचा अधिकारी ह्यू फाल्कनर यानें हीच वनस्पति काश्मिरांत स्वतंत्रपणें पाहिली व १८४१ त प्रसिद्ध केली. तेथील मुळें पंजाबांतून मुंबईस उतरतात व तेथून तांबडा समुद्र, इराणी आखात व चीन येथें जातात, आणि कांहीं भाग कलकत्त्यास 'पुचक' या नांवानें विकला जातो, असेंही त्यानें नोंदविलें. ओर्ताचें 'पुचो' तें हेंच.

येथें एक मर्यादा सांगितली पाहिजे. या नमुन्यांवरून बाजारांतील कोष्ठ काश्मिरचें एवढेंच सिद्ध होतें. वैदिक कुष्ठ तेंच, हा निर्णय नांवाच्या व स्थलाच्या परंपरेवर उभा आहे. तथापि दोन भिन्न संग्राहकांची साक्ष जुळते व ती सूक्ताशीं विसंगत नाहीं, हें थोडें नव्हे.

अति खणतीमुळें रानांतील कुष्ठ आतां दुर्मिळ झालें असून १९८५ पासून आंतरराष्ट्रीय करारानें त्याचा व्यापार कडकपणें निर्बंधिला आहे. जें रानांतून नाहींसें होईल त्याचें स्थान त्या चिठ्ठ्याच सांगतील. म्हणून संग्राहकांस विनंति एवढीच कीं, जुन्या पोथीचें वेष्टण अथवा वाळल्या पानाखालची चिठ्ठी निरुपयोगी म्हणून टाकूं नये.