इंटेल कोअर आय५-२५००के

इंटेल कोअर आय५-२५००के हा इंटेल या अमेरिकन कंपनीने जानेवारी २०११ मध्ये बाजारात आणलेला, डेस्कटॉप संगणकांसाठीचा मध्यम किमतीचा प्रोसेसर आहे. 'सँडी ब्रिज' या सांकेतिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेवर तो आधारलेला असून त्यात चार गाभे, म्हणजेच कोअर, आहेत. ठोक खरेदीसाठी त्याची किंमत २१६ अमेरिकन डॉलर ठेवण्यात आली होती. वापरकर्त्याला वेग वाढवण्याची असलेली मुभा आणि अपेक्षेहून अधिक काळ टिकलेली उपयुक्तता या दोन गोष्टींमुळे तो विशेष ओळखला जातो. अनेकांनी तो सहा-सात वर्षे, तर काहींनी त्याहूनही अधिक काळ आपल्या मुख्य संगणकात वापरला. प्रोसेसरचा उपयोग संपतो तो बहुधा तो झिजल्यामुळे नव्हे, तर भोवतालची यंत्रसामग्री आणि आज्ञावली पुढे गेल्यामुळे, याचे हा प्रोसेसर एक ठळक उदाहरण मानता येईल.

नावाचा अर्थ

इंटेलच्या त्या काळातील नामकरणात 'आय३', 'आय५' आणि 'आय७' हे अनुक्रमे प्राथमिक, मध्यम आणि उच्च श्रेणीचे निदर्शक होते. '२५००' या संख्येतील पहिला अंक दुसरी पिढी दर्शवतो, तर उरलेले अंक त्या पिढीतील प्रोसेसरचे स्थान सांगतात. शेवटचे 'के' हे अक्षर सर्वांत महत्त्वाचे आहे. प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक कारखान्यात कुलूपबंद केलेला नसून वापरकर्ता तो बदलू शकतो, असा त्याचा अर्थ होतो. 'के' नसलेल्या आय५-२५०० या प्रोसेसरची किंमत २०५ डॉलर होती. म्हणजे केवळ ११ डॉलर अधिक मोजून ही मुभा मिळत असे.

पार्श्वभूमी

इंटेलने सप्टेंबर २००९ मध्ये आय५-७५० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर आणला होता. तो ४५ नॅनोमीटर तंत्राने बनवलेला होता व त्याची मूळ घड्याळगती २.६६ गिगाहर्ट्झ होती. सँडी ब्रिजची रचना प्रामुख्याने इंटेलच्या इस्राएलमधील हैफा येथील केंद्रात झाली. ३२ नॅनोमीटर तंत्रामुळे गणनेचे चार गाभे, तिसऱ्या स्तराची कॅश मेमरी आणि ग्राफिक्सचा विभाग हे सारे सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर बसवता आले. या तुकड्याचे क्षेत्रफळ २१६ चौरस मिलिमीटर होते.

याच काळात प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीने ऑक्टोबर २०११ मध्ये 'बुलडोझर' रचनेचे प्रोसेसर आणले. परंतु प्रत्येक गाभ्याच्या कार्यक्षमतेत ते सँडी ब्रिजच्या मागे राहिले. त्यामुळे पुढील काही वर्षे मध्यम श्रेणीत इंटेलला तुल्यबळ आव्हान उरले नाही. या परिस्थितीचा आय५-२५००केच्या दीर्घायुष्याशी निकटचा संबंध आहे.

तांत्रिक वैशिष्ट्ये

गाभे व थ्रेड : ४ गाभे, ४ थ्रेड
मूळ घड्याळगती : ३.३ गिगाहर्ट्झ
कमाल टर्बो गती : ३.७ गिगाहर्ट्झ
तिसऱ्या स्तराची कॅश मेमरी : ६ मेगाबाइट
औष्णिक मर्यादा : ९५ वॅट
निर्मितितंत्र : ३२ नॅनोमीटर
सॉकेट : एलजीए ११५५
मेमरी : डीडीआर३, दोन चॅनेल, अधिकृत वेग १३३३
अंतर्भूत ग्राफिक्स : एचडी ३०००

याच पिढीतील आय७-२६००के या ३१७ डॉलरच्या प्रोसेसरमध्ये हायपर-थ्रेडिंगची सोय होती. तिच्यामुळे प्रत्येक गाभा एकाच वेळी दोन थ्रेड हाताळू शकत असे आणि चार गाभ्यांवर आठ थ्रेड चालत. आय५-२५००केमध्ये ही सोय नव्हती. २०११ मध्ये घरगुती वापरात व संगणकीय खेळांत हा फरक फारसा जाणवत नसे. त्यामुळे सुमारे १०० डॉलर वाचवून हाच प्रोसेसर घेण्याचा सल्ला सर्रास दिला जात असे. पुढील काळात मात्र नेमका हाच फरक निर्णायक ठरला.

'के' मालिकेत काही उणिवाही होत्या. आभासी संगणकाला एखादे उपकरण थेट जोडून देणारी व्हीटी-डी ही सोय साध्या आय५-२५०० मध्ये होती, पण अधिक किमतीच्या आय५-२५००केमध्ये ती वगळण्यात आली होती.

चिपसेटमधील दोष

प्रोसेसर बाजारात येऊन तीन-चार आठवडे होतात न होतात तोच, ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने त्याच्या जोडीच्या सहाव्या मालिकेतील चिपसेटमध्ये दोष असल्याचे जाहीर केले. हा दोष प्रोसेसरमध्ये नव्हता. हार्डडिस्क व डीव्हीडी ड्राइव्ह जोडण्यासाठीच्या साटा जोडण्यांपैकी ३ गिगाबिट वेगाच्या चार जोडण्या कालांतराने क्षीण होण्याची शक्यता होती. ६ गिगाबिट वेगाच्या दोन जोडण्या मात्र निर्दोष होत्या. इंटेलने चिपसेटचा पुरवठा थांबवला, सुधारित आवृत्ती तयार केली आणि दुरुस्ती व बदलीचा एकूण खर्च सुमारे ७० कोटी डॉलर येईल असा अंदाज दिला.

सुरुवातीच्या ग्राहकांपुढे दोन पर्याय होते. हार्डडिस्क निर्दोष जोडण्यांवर हलवून काम चालू ठेवणे हा एक आणि मदरबोर्ड बदलून घेणे हा दुसरा. बदलीसाठी संगणक पूर्ण उघडून प्रोसेसर, पंखा व मेमरी काढून पुन्हा बसवावी लागे. प्रोसेसर कितीही उत्तम असला तरी ग्राहकाचा अनुभव संपूर्ण संचावर अवलंबून असतो, हे या प्रसंगातून स्पष्ट झाले.

वेगवाढीचे अनुभव

कारखान्याने ठरवलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने प्रोसेसर चालवण्यास ओव्हरक्लॉकिंग असे म्हणतात. प्रोसेसरची गती म्हणजे मूळ घड्याळ आणि गुणक यांचा गुणाकार होय. पूर्वी वापरकर्ते मूळ घड्याळाचा वेग वाढवत असत. सँडी ब्रिजमध्ये १०० मेगाहर्ट्झचे हे घड्याळ इतर अनेक विभागांना जोडलेले असल्याने ते काही टक्क्यांपलीकडे वाढवता येत नसे. साहजिकच वेगवाढ खुल्या गुणकापुरती, म्हणजे मुख्यत्वे 'के' प्रोसेसर घेणाऱ्यांपुरती मर्यादित झाली. ज्यांनी तो घेतला त्यांचे काम मात्र सोपे झाले. गुणक ३३ वरून ४५ केला की गती ४.५ गिगाहर्ट्झ होत असे.

माफक किमतीचा स्वतंत्र शीतक बसवून ४.२ ते ४.५ गिगाहर्ट्झपर्यंत स्थिर गती मिळाल्याचे अनुभव मोठ्या प्रमाणावर नोंदले गेले. सिलिकॉनचा प्रत्येक तुकडा किंचित वेगळा असल्याने काही नग याहून वर जात, तर काही आधीच अडखळत. संगणक चालू होणे आणि तो तासन्‌तास जड कामात स्थिर राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा अनेक नवशिक्यांना अचानक बंद पडणाऱ्या संगणकाने दिला.

वेगवाढीसाठी योग्य मदरबोर्ड निवडणेही आवश्यक होते. एच६७ चिपसेटवर अंतर्भूत ग्राफिक्स वापरता येई, पण प्रोसेसरचा गुणक वाढवता येत नसे. पी६७ वर गुणक वाढवता येई, पण अंतर्भूत ग्राफिक्स निरुपयोगी ठरे. मे २०११ मध्ये आलेल्या झेड६८ चिपसेटवर या दोन्ही गोष्टी एकत्र शक्य झाल्या.

नेहमीच्या तीन वर्षांच्या हमीत वेगवाढीमुळे होणारे नुकसान धरले जात नसे. जानेवारी २०१२ मध्ये इंटेलने अशा वापरकर्त्यांसाठी स्वतंत्र संरक्षण योजना आणली. आय५-२५००केसाठी तिचे शुल्क २० डॉलर होते.

उष्णता व देखभाल

प्रोसेसरची वीजखपत ढोबळमानाने घड्याळगतीच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती ३० टक्क्यांनी आणि त्यासाठी विद्युतदाब १० टक्क्यांनी वाढवला, तर खपत सुमारे ५७ टक्क्यांनी वाढते. म्हणून वेगवाढीची खरी मर्यादा बहुधा उष्णता हीच असते.

या बाबतीत सँडी ब्रिजला एक अनुकूलता लाभली होती. त्यात सिलिकॉनचा तुकडा आणि वरचे धातूचे झाकण यांच्यामध्ये धातूचा डाख होता, त्यामुळे उष्णता सहज बाहेर पडे. एप्रिल २०१२ मध्ये आलेल्या 'आयव्ही ब्रिज' पिढीत डाखाऐवजी उष्णतावाहक लेप वापरण्यात आला. त्या पिढीचा आय५-३५७०के समान गतीला थोडा अधिक कार्यक्षम होता, परंतु वेग वाढवताच तो लवकर तापे. त्यामुळे अनेकांनी आपला जुना प्रोसेसर बदलला नाही.

प्रोसेसरबरोबर मिळणारा पंखा प्लॅस्टिकच्या चार खुंट्यांनी मदरबोर्डवर बसवला जाई. एखादी खुंटी नीट न बसल्यास तापमान वाढे. झाकण आणि शीतक यांमधील लेप काही वर्षांनी सुकतो आणि शीतकाच्या पात्यांमध्ये धूळ साचते. भोवतालच्या हवेचे तापमान जितके अधिक, तितके प्रोसेसरचे तापमानही अधिक राहते. विदर्भासारख्या प्रदेशातील उन्हाळ्यात हिवाळ्यापेक्षा २० अंशांहून अधिक फरक पडू शकतो. जुन्या संगणकाची गती घटल्यास प्रथम धूळ झटकून लेप बदलून पाहावा, असे म्हणतात ते यामुळेच.

दीर्घायुष्याची कारणे

आय५-२५००केनंतर इंटेलने २०१२ मध्ये आय५-३५७०के, २०१३ मध्ये आय५-४६७०के, २०१५ मध्ये आय५-६६००के आणि जानेवारी २०१७ मध्ये आय५-७६००के हे त्याचे उत्तराधिकारी आणले. या सर्वांत चार गाभे आणि चार थ्रेडच होते. प्रत्येक पिढीत सुधारणा झाली, पण ती टप्प्याटप्प्याने. वेग वाढवलेला जुना प्रोसेसर नव्याच्या मूळ गतीशी बरीच वर्षे स्पर्धा करू शकत असे. शिवाय नव्या प्रोसेसरसाठी मदरबोर्डही बदलावा लागे आणि २०१५ नंतर बहुधा डीडीआर४ मेमरीही घ्यावी लागे. म्हणून वापरकर्त्यांनी तो पैसा नवे ग्राफिक्स कार्ड, अधिक मेमरी किंवा एसएसडी यांवर खर्च केला. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यावर संगणक नवा घेतल्यासारखा भासतो, हा अनुभव या काळात सार्वत्रिक होता.

उपयुक्ततेचा ऱ्हास

एप्रिल २०१७ मध्ये एएमडीचा रायझन ५ १६०० हा प्रोसेसर २१९ डॉलर किमतीस आला. जवळपास त्याच किमतीत त्यात सहा गाभे व बारा थ्रेड होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटेलनेही आय५ मालिकेत सहा गाभे दिले. आज्ञावली आणि खेळ अधिक थ्रेडांचा वापर करू लागले, तशी चार थ्रेडांची मर्यादा जाणवू लागली. चित्रांची सरासरी संख्या समाधानकारक असूनही खेळ मधूनच अडखळतो, अशी तक्रार वाढली. पार्श्वभूमीला ब्राउझर किंवा विषाणूरोधक आज्ञावली चालू असल्यास हा त्रास अधिक होई. आय७-२६००केच्या धारकांना त्यांचे अतिरिक्त चार थ्रेड आता उपयोगी पडले. २०११ मधील 'शंभर डॉलर वाचवा' हा सल्ला त्या वेळी योग्यच होता, पण दीर्घकाळ संगणक वापरणाऱ्यांना त्याची किंमत उशिरा मोजावी लागली.

जानेवारी २०१८ मध्ये 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' या सुरक्षा त्रुटी उघड झाल्या. प्रोसेसर पुढील आज्ञांचा अंदाज बांधून त्या आगाऊ राबवतो आणि या पद्धतीतून गोपनीय माहिती झिरपू शकते, असे त्यांचे स्वरूप होते. त्यावरील उपायांमुळे काही कामांत गती घटली. २०१३ मधील 'हॅसवेल' व त्यापूर्वीच्या प्रोसेसरांवर ही घट अधिक जाणवेल, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केले होते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी इंटेलच्या आठव्या किंवा नंतरच्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षाचिप आवश्यक ठरवण्यात आली. दुसऱ्या पिढीचा आय५-२५००के या अटीत बसत नाही. विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. याशिवाय एव्हीएक्स२ हा आज्ञासंच आवश्यक मानणाऱ्या आज्ञावली या प्रोसेसरवर चालत नाहीत, कारण त्यात केवळ पहिल्या आवृत्तीचा एव्हीएक्स आहे.

मूल्यमापन

आय५-२५००के विकत घेणाऱ्यांपैकी ज्यांनी तो दहा वर्षे वापरला, त्यांचा खर्च वर्षाला सुमारे २२ डॉलर इतकाच पडला. हे यश काही अंशी उत्तम रचनेचे आणि खुल्या गुणकाचे होते, तर काही अंशी स्पर्धेच्या अभावामुळे आलेल्या संथपणाचे. एका खरेदीवर दीर्घकाळ निभावणे हा ग्राहकाचा लाभ होता, पण त्याच काळात त्याच किमतीत अधिक गाभे मिळाले नाहीत, ही त्याची दुसरी बाजू होय.

सुस्थितीतील आय५-२५००के आजही लिनक्सवर लेखन, वाचन, हिशेब आणि महाजालावरील साधी कामे करू शकतो. म्हणून जुना संगणक टाकून देण्यापूर्वी तो खरोखर बिघडला आहे की केवळ नव्या संचालन प्रणालीच्या अटीत बसत नाही, हे तपासणे इष्ट ठरते.